पोटातला आकडा

कोल्हापुरात सोळा तालमींचे सोळा फुटबॉल संघ आहेत आणि दर हंगामाच्या आधी सोळाच्या सोळा संघ पहिले येतात. हंगाम संपल्यावर उरलेल्या पंधरांचं काय होतं ते विचारू नये. विचारणाऱ्याला गल्लीत चहा मिळत नाही.

चिंचेखालच्या तालमीत तर याचा रीतसर सोहळा असतो. हंगामाच्या आधी दोन रविवार राहिले की तालमीपुढच्या काळ्या दगडावर एकेकाने चढायचं आणि बोल द्यायचा. बोल म्हणजे आपला संघ यंदा कितवा येणार ते बोंबलून सांगायचं. आकडा ठरलेला: पहिला. नव्वद वर्षांत त्या दगडावरून दुसरा आकडा कुणी उच्चारलेला नाही. संघ पहिला आला तो एकदाच, आणि ते डोळ्यांनी बघितलेली माणसं आता तालमीच्या भिंतीवर फोटोत आहेत.

गेली तीस वर्षं पहिला बोल द्यायचा मान महिपती कळकेचा. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत तो भट्टीवर कामाला. फौंड्रीत कॅमेरे आले, तापमान सांगणाऱ्या कांड्या आल्या, सगळं पडद्यावर दिसायला लागलं, तरी वितळलेल्या लोखंडाकडे बघून महिपती "ह्यात दम न्हाई, ओतू नका" म्हणाला की मालकसुद्धा हात आवरायचा. लोखंडाबद्दल तो उभ्या आयुष्यात खोटं बोलला नव्हता. फुटबॉलबद्दल खरं बोलला नव्हता.

त्या वर्षी दगडाशेजारी टेबल मांडलं होतं. टेबलावर जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, त्याला माईक आणि बारीक कॅमेरा. यंत्रापाशी डॉ. केतकी हुपरीकर. विद्यापीठात शिकवायची, वय पस्तीस, जन्माने तोफखाना तालमीची. तोफखाना म्हणजे दोन गल्ल्या पलीकडचा संघ, लागोपाठ दोन वर्षं विजेता, आणि चिंचवाल्यांच्या लेखी पृथ्वीवरचा सर्वांत हलकट संघ.

"तोफखान्याची पोरगी आमचं मोजणार व्हय?" गर्दीतून कुणीतरी टाकलं.

"मोजण्यासारखं असेल तर मोजीन की," केतकी म्हणाली. चिंचवालेच हसले. टोमणा चांगला असला की कोल्हापुरात शत्रूलाही दाद मिळते.

यंत्राचं काम सांगायला सोपं होतं. माणूस मनापासून बोलतो तेव्हा त्याचा आवाज एका तऱ्हेने थरथरतो, आणि मनाविरुद्ध बोलतो तेव्हा दुसऱ्या तऱ्हेने. फरक इतका बारीक की कानाला कळत नाही. शब्दाआधीचा क्षणाच्या शंभराव्या हिश्शाएवढा थांबा, डोळ्यांच्या बाहुलीचं आकुंचन, घशातल्या स्नायूंचा ताण, हे सगळं यंत्र टिपायचं. एका माणसाबाबत ते सपशेल चुकू शकतं. कुणाला सर्दी असते, कुणाचं बायकोशी भांडण झालेलं असतं. पण शेकडो माणसांचं एकत्र केलं की सर्द्या आणि भांडणं एकमेकांना खाऊन टाकतात आणि खाली गाळ उरतो तो खरा. केतकीचं म्हणणं होतं की वर्षभर पहाटे सराव बघणाऱ्या चाहत्याला आपला संघ कितपत पाण्यात आहे ते बरोबर माहीत असतं. पेपरातल्या तज्ज्ञांपेक्षा जास्त. तज्ज्ञ म्हणजे तरी कोण? ज्याचा अंदाज चुकल्यावर त्याला कुणी घरी येऊन शिव्या देत नाही, तो माणूस. चाहत्याला माहीत असतं, फक्त तोंडावाटे येत नाही. ते पोटातून काढायचं. दोन हंगाम परगावी चाचणी झाली होती आणि यंत्राने सोळातले चौदा क्रमांक अचूक सांगितले होते.

"आधी यंत्राला तुमचा आवाज शिकवायचाय," केतकी म्हणाली. "प्रत्येकाने एक खरं वाक्य सांगायचं आणि एक खोटं. मग बोल द्यायचा. काका, तुम्ही पहिले ना?"

महिपती माईकपाशी गेला. मागे सहाशे माणसांची रांग. असल्या वेळी माणसाने साधं काहीतरी बोलावं: माझं नाव अमुक, मी काल चंद्रावर गेलो होतो. पण मागे सहाशे माणसं असली की महिपतीच्या अंगात यायचं.

"खरं वाक्य!" तो गरजला. "चिंच एक नंबर! आणि आता खोटं! तोफखाना आमच्यापेक्षा भारी!"

अशा शिट्ट्या पडल्या की चिंचेवरचे कावळे उठले. मागच्याने तेच म्हटलं, त्याच्या मागच्यानेही. सहाशे बारा माणसांनी तीच दोन वाक्यं यंत्राला शिकवली आणि दगडावर चढून एकच बोल दिला: पहिला. केतकीनेही हसत हसत सगळं नोंदवून घेतलं. शिकलेल्या माणसाला गर्दी खूश दिसली की आपलं काम बरोबर चाललंय असं वाटतं.

बाकीच्या पंधरा तालमींतले बोल यंत्राने आधीच टिपले होते. तिसऱ्या दिवशी निकाल आला. यंत्राचा अंदाज: विजेता, चिंचेखालची तालीम.

गल्लीत गुलाल उडाला. एकही सामना न खेळता मिरवणूक काढणारं हे जगातलं एकमेव गाव असेल. एक पाइप कंपनी धावत आली आणि संघाच्या जर्सीवर छातीभर आपलं नाव छापून गेली. अध्यक्ष प्रतापराव ठाणेकर फुटबॉल कधी खेळले नव्हते, पण फुटबॉलसोबत फोटो भरपूर काढले होते. त्यांनी जाहीर केलं की आता वस्तादांनी मुलांना उगाच पिदडू नये, पहाटेचा सराव आठवड्यातून तीनदाच ठेवावा. वस्ताद बाळू मेढे, संघाचे प्रशिक्षक, पासष्ट वर्षांचे. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

आणि चौकात फलक लागला. यंत्राने प्रत्येकाला निष्ठेचे गुण दिले होते, म्हणजे बोल किती मनापासून दिला त्याचे. सर्वांत जास्त गुण, शंभरात अठ्ठ्याण्णव, महिपती कळके. फलकावर त्याचा हात जोडलेला फोटो आणि खाली: 'शहरातला सर्वांत खरा चाहता.'

महिपती फलकाखाली उभा राहिला आणि फोटोकडे न बघताच मागे फिरला. कारण बोल देताना त्याच्या पोटात काय होतं ते त्याला माहीत होतं. तिथे पंधरावा होता. शेवटचे दोन संघ खालच्या गटात जातात. पंधरावा म्हणजे गेलो.

हा आकडा त्याने मनातल्या मनातसुद्धा मोठ्याने उच्चारला नव्हता. पण तो होता. डाव्या बगलेचा खेळाडू साठाव्या मिनिटाला दमतो म्हणून होता. अध्यक्षांचा भाचा पुढे खेळतो आणि चेंडू आला की केस सावरतो म्हणून होता. आणि सर्वांत जास्त गोलरक्षकामुळे होता. गोलरक्षक इंद्रजित. महिपतीचा मुलगा.

इंद्रजित सव्वीस वर्षांचा, सहा फूट, चित्त्यासारखा. श्रावणात सरावात पडला आणि डावा खांदा निखळला. बसवला. पण तेव्हापासून तो शर्ट काढताना डावा हात आधी सोडवायचा, वरच्या फळीवरचा डबा उजव्या हाताने काढायचा. वितळलेल्या लोखंडातला मळ ओळखणाऱ्या बापाला हे दिसणार नाही? रोज दिसत होतं. बोलला नव्हता. हंगामाच्या तोंडावर स्वतःच्या गोलरक्षकाच्या खांद्याबद्दल शंका काढणारा चाहता चिंचेखाली जन्मायचा होता.

निकालानंतर दोन दिवसांनी जेवताना महिपतीची बायको मालन भाकरी थापता थापता म्हणाली, "डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांग की तुझ्या आबांना."

"काही नाही." इंद्रजित ताटात बघत होता.

"आठ आठवडे आराम म्हणालेत. खेळला आणि परत निखळला तर ऑपरेशन. मग गोलात उभं राहणं विसरायचं."

महिपतीने घास खाली ठेवला. "मग? आराम कर की."

इंद्रजित हसला. "आबा, तुम्ही सांगताय हे? आधी करणारच होतो. वस्तादांना सांगायला निघालो होतो. तेवढ्यात फलक बघितला. अठ्ठ्याण्णव! लहानपणापासून मला वाटायचं, आमचा बाप नुसता बोंबलतोय. गल्लीला दाखवायला. यंत्रानं सांगितलं, खरंच मानतोय." त्याने ताटातून मान वर केली. "इतका भरवसा असल्यावर मी कसा बाहेर बसू? रविवारी पहिला सामना आहे. मी उतरणार."

मालनने नवऱ्याकडे बघितलं. तीस वर्षांचा संसार. तिला बघायला यंत्र लागत नव्हतं. "बोला की आता," ती म्हणाली. "चौकात तर लई बोलता."

महिपती पाणी प्यायला आणि ताट सरकवून उठला.

दुसऱ्या दिवशी फौंड्रीत भट्टी उघडली. पडद्यावर सगळे आकडे हिरवे. महिपती वाकला, लोखंडाच्या पृष्ठभागावरची साय बघितली आणि म्हणाला, "ओतू नका."

"अहो, यंत्र ठीक म्हणतंय," सुपरवायझर म्हणाला.

"यंत्राला तुम्ही काय शिकवलंय त्याच्यावर हाय ते." आणि एवढं बोलून महिपती जागच्या जागी थिजला. मग त्याने हातमोजे काढले, अर्धी रजा टाकली आणि विद्यापीठाची बस पकडली.

केतकी प्रयोगशाळेत चहा पीत होती. महिपतीने दार लावून घेतलं.

"पोरी, तुझं यंत्र बिघडलंय."

"का? पहिला नंबर दिला तर बिघडलं? शेवटचा दिला असता तर मला दगड मारले असते तुम्ही."

"मारलेच असते. पण बिघडलंय. मी खोटं बोललो होतो आणि त्यानं मला अठ्ठ्याण्णव दिलं."

केतकीने कप ठेवला. यंत्रात महिपतीचा शिकवलेला आवाज उघडला आणि माईक पुढे केला. "साधं विचारते. नाव सांगा."

"महिपती गुंडोपंत कळके."

पडद्यावर लाल अक्षरं आली: खोटं.

"काल रात्री काय जेवलात?"

"भाकरी आणि वरण्याची उसळ."

खोटं.

"लग्न झालंय?"

"तीस वर्षं झाली."

खोटं.

"हे मालनला सांगू नको," महिपती म्हणाला.

केतकीच्या कपाळावर आठी पडली. "आता मुद्दाम खोटं बोला."

"मी देशाचा पंतप्रधान हाय."

खरं. हिरवंगार.

ती खुर्चीत मागे टेकली. तिने पडद्यावरची अक्षरं पुन्हा वाचली आणि मग कपाळावर असा हात मारला की चहा सांडला. "काका, तुम्ही त्याला शिकवताना काय म्हणालात? खरं वाक्य कुठलं?"

"चिंच एक नंबर."

"आणि खोटं?"

"तोफखाना आमच्यापेक्षा..." महिपती थांबला.

"भारी," केतकीने पूर्ण केलं. "यंत्राला तुम्ही सांगितलंत, हे खरं आणि हे खोटं. पण तुमच्या पोटात उलटं होतं. त्यामुळे तुम्ही मनाविरुद्ध बोलता तो आवाज त्यानं खरा म्हणून पाठ केला. सहाशे बारा माणसांचं असंच झालं. जो जितका खोटं बोलला, त्याला तितके जास्त गुण."

"म्हणजे शहरातला सर्वांत खरा चाहता..."

"शहरातला सर्वांत मोठा थापाड्या."

महिपतीला हसू आवरेना. केतकीलाही. दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग महिपतीने विचारलं, "मग तोफखान्याच्या लोकांनी असं कसं केलं न्हाई? त्यांनी खोटं काय सांगितलं?"

"त्यांनी? मी काल शेण खाल्लं, मला शेपूट आहे, असलं काहीतरी. काका, राग मानू नका, त्यांना तुमची आठवणच झाली नाही."

हे मात्र महिपतीच्या जिव्हारी लागलं.

केतकीने आकडे सुलटे करून पुन्हा चालवले. चिंचेखालची तालीम: पंधरावी.

"चूक माझीपण आहे," ती म्हणाली. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी उद्या जाहीर करते, तांत्रिक बिघाड म्हणून. तुमचं नाव येणार नाही."

महिपतीने मान हलवली. "तोफखान्याच्या पोरीनं कट केला म्हणतील. माझा इंद्रजित तर मुळीच ऐकायचा न्हाई. ते माझ्याच तोंडातून जायला पाहिजे. दगडावरून घातलंय, दगडावरूनच काढतो."

शनिवारी संध्याकाळी चिंचेखाली जर्सीवाटप होतं. अध्यक्ष भाषण करत होते. विजयाचं भाषण त्यांनी आधीच पाठ केलं होतं, ते वाया जाऊ नये म्हणून ते आताच करत होते. महिपती गर्दीतून आला आणि काहीही न विचारता दगडावर चढला. लोकांना वाटलं, अठ्ठ्याण्णववाला काहीतरी जोरदार बोलणार. टाळ्या पडल्या.

"मला बोल बदलायचाय," महिपती म्हणाला. समोर पहिल्या रांगेत इंद्रजित नवी जर्सी खांद्यावर टाकून उभा होता. उजव्या खांद्यावर. "यंदा आपण पंधरावे येणार."

"खाली उतर लेका!" अध्यक्ष ओरडले. "पिऊन आलायस काय?"

"तीस वर्षं पिऊन होतो, आज उतरली. ते यंत्र मी बिघडवलं. त्याला खोट्याला खरं म्हणून शिकवलं आणि तुम्ही सगळ्यांनी माझ्या मागनं तेच केलं. पोटात पंधरा होतं माझ्या. आणि का होतं तेपण सांगतो. डावी बगल दमते. पुढं भाचेसाहेब केस विंचरतात." कुठेतरी फिसकन हसू फुटलं. "आणि माझ्या पोराचा खांदा निखळलाय. आठ आठवडे त्यानं गोलात उभं राहायचं न्हाई. मी रोज बघत होतो आणि गप्प होतो. का, तर चाहता म्हणवून घेतो. माझ्या त्या अठ्ठ्याण्णवसाठी पोरगा हात गमावायला निघालाय. असल्या चाहत्याला जोड्यानं मारा."

कुणी मारलं नाही. शेवटी मागून एक जाडा आवाज आला. दूध डेअरीवाला बंडा.

"माझ्या पोटात तेरा होतं."

"माझ्या सोळा," दुसरा म्हणाला.

"सोळा? गद्दार!"

"तू किती धरलंवतंस?"

"चौदा."

"मग तू काय देवमाणूस काय?"

आणि मग सुटलेच. प्रत्येक जण आकडा सांगत होता आणि आकड्यामागे कारण. नव्वद वर्षं दाबून ठेवलेलं. मधल्या फळीतला पोरगा नाइट ड्युटी करून थेट मैदानात येतो. कॉर्नर घेताना सगळे एकाच बाजूला पळतात. बूट फाटलेत आणि पाइपवाल्याने बुटांना काही दिलं नाही, छातीवर नाव तेवढं छापलं. वस्ताद मेढे पुढे आले, खिशातून वही काढली आणि एकेकाचं लिहून घ्यायला लागले. दोन पानं भरल्यावर त्यांनी मान वर केली. "मढ्यांनो, हे सगळं ठावं होतं तर इतकी वर्षं सांगितलं का न्हाई?"

"वस्ताद, तुम्हाला तरी ठावं होतंच की," बंडा म्हणाला.

वस्तादांनी शिट्टी पुन्हा गळ्यात घातली. "सोमवारपास्नं सरावाला पहाटे पाच. रोज. आणि भाचेसाहेब, टोपी घालून यायचं."

इंद्रजित दगडापाशी आला. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. महिपती खाली उतरला. दोघं समोरासमोर.

"म्हणजे भरवसा नव्हताच," इंद्रजित म्हणाला.

"तुझ्यावर हाय. खांद्यावर न्हाई. हे दोन वेगळं असतंय ते मला आत्ता कळलं."

इंद्रजितने खांद्यावरची जर्सी काढली, वळून राखीव गोलरक्षकाच्या अंगावर फेकली. मग बापाकडे बघितलं. "पंधरा म्हणजे जास्तच झालं हं, आबा. मी तेरा धरलंवतं."

पहिले पाच सामने संघ हरला. पाइप कंपनी आली तशी गेली. चौकातला फलक महिपतीने स्वतः उतरवला आणि मालनने त्याचा गच्चीवर मिरच्या वाळवायला उपयोग केला. हात जोडलेल्या नवऱ्यावर मिरच्या पसरताना तिला फार समाधान वाटे. सहाव्या सामन्यात बरोबरी झाली. सातवा जिंकला. नववा जिंकला. डावी बगल आता साठाव्या मिनिटाला बदलली जायची. भाचेसाहेबांनी केस बारीक केले आणि चक्क दोन गोल मारले. कॉर्नरला कुणी कुठे पळायचं ते बंडाने दुधाच्या बाटल्या मांडून शिकवलं. आठ आठवड्यांनी इंद्रजित गोलात परतला.

शेवटचा सामना नेमका तोफखान्याशी. बरोबरी केली तर टिकणार, हरलो तर खाली. स्टेडियममध्ये तिळाएवढी जागा नव्हती. एक-एक. शेवटच्या मिनिटाला तोफखान्याच्या पोराने चेंडू वरच्या डाव्या कोपऱ्यात असा मारला की चिंचवाल्यांनी डोळेच मिटले. महिपतीने मिटले नाहीत. त्याने चेंडूकडे बघितलंच नाही, तो खांद्याकडे बघत होता. डावा हात वर गेला, ताणला, आणखी ताणला. चेंडू बोटांना लागून दांडीवरून पलीकडे गेला. खांदा जागच्या जागी.

चिंचेखालची तालीम: तेरावी.

मिरवणूक निघाली. तेराव्या नंबराची मिरवणूक! तोफखान्याचे लोक गॅलरीत उभे राहून हसत होते आणि हसता हसता टाळ्या वाजवत होते. इंद्रजित बापाच्या गळ्यात पडला. "आबा, पंधरा म्हणाला होतात. चुकलं की."

"चुकलं!" महिपती गुलालाने लाल होऊन ओरडला. "आयला, पहिल्यांदाच चुकलं! आजवर अंदाज केलाच न्हवता तर चुकणार कुठनं?"

केतकी गर्दीच्या कडेला उभी होती. तिचं सुलटं केलेलं यंत्रसुद्धा दोन अंकांनी चुकलं होतं. तिला त्याचं दुःख दिसत नव्हतं. "यंत्रानं तुमच्या पोटातलं वाचलं," ती म्हणाली. "पण तुम्ही ते सांगून टाकलंत. सांगितल्यावर पोटात तेच राहतं थोडंच?"

पुढच्या वर्षी बोलाच्या रविवारी रीत थोडी बदलली. दगडावर चढायचं आणि "पहिला" म्हणूनच बोंबलायचं. ते कुणी सोडायला तयार नव्हतं. पण उतरल्यावर वस्तादांच्या कानात खरा आकडा आणि कारण सांगायचं, आणि वस्ताद ते वहीत लिहिणार. टेबलावर यंत्र होतं. या वेळी केतकीने सगळ्यांना आपापली नावं आणि काल काय जेवलात तेच विचारलं होतं. तोफखान्याचं नाव काढायला बंदी होती.

महिपती दगडावर चढला. छाती फुगवली.

"पहिलाऽऽ!"

खाली उतरून तो आधी वस्तादांकडे गेला, कानात काहीतरी कुजबुजला. मग टेबलाकडे वळला. केतकी पडद्याकडे बघून ओठ दाबत होती.

"काय म्हणतंय?"

"खोटं म्हणतंय, काका." तिने पडदा त्याच्याकडे फिरवला. "पण गेल्या वर्षीपेक्षा बरंच कमी खोटं."

महिपतीने पडदा नीट बघितला. भट्टीत बघतो तसा, वाकून. मग सरळ झाला, वळला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "ऐकलं काय रे? कमी खोटं! यंदा कमी खोटं!"

चिंचेवरचे कावळे पुन्हा उठले.